मोझेकच्या जुन्या खोलीत स्वतः चिकटवलेलं व्हिनाइल फ्लोरिंग आणि एक भिंत : सविस्तर लिहितेय

रेवा_चिंचवड

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. आमची सोसायटी ऐंशीच्या दशकातली, सगळीकडे मोझेक, भिंतींना डिस्टेंपर, आणि मागची बेडरूम सासूबाईंसाठी तयार करायची होती. मोझेक फोडून नवीन टाइल्स घालायच्या म्हणजे खालच्यांच्या डोक्यावर दिवसभर हातोडा, गोण्याच्या गोण्या राबिट, सोसायटीची परवानगी, आणि घरात वयस्कर माणूस असताना महिनाभर धूळ. फरशीवर फरशी घातली तर जमीन इंचभर वर येते, मग दरवाजे खालून कापा, आणि दारात एक पायरी तयार होते जिला सासूबाई रोज अडखळणार. म्हणून २ मिमी जाडीच्या, मागचा कागद सोलून चिकटवायच्या व्हिनाइल पट्ट्या घेतल्या. जाडीच इतकी कमी की दार तसंच्या तसं फिरतं.

आधी हिशोब सांगते कारण दुकानात सगळे अंदाजाने बॉक्स सांगतात. खोली १२ फूट लांब, रुंदी ९ फूट साडेआठ इंच. साधारण ११७ चौरस फूट, त्यावर १०% कापण्यात जाणार धरायचे, म्हणजे १२९. एक पट्टी ६ इंच बाय ३६ इंच, दीड चौरस फूट, म्हणजे ८६ पट्ट्या. १२ फूट म्हणजे १४४ इंच, त्यात बरोब्बर ४ पट्ट्या बसतात. पहिली ओळ अख्ख्या पट्टीने सुरू केली, दुसरी २४ इंचाच्या तुकड्याने, आणि त्यातून उरलेला १२ इंचाचा तुकडा त्याच ओळीच्या शेवटी बरोबर बसला. तिसरी ओळ १२ ने सुरू केली आणि २४ ने संपवली. असं केलं की सांधे एकाखाली एक येत नाहीत आणि लांबीत काहीच वाया जात नाही.

रुंदीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. साडेएकशेसोळा इंचात ६ इंचाच्या १९ ओळी बसतात आणि अडीच इंच उरतात. ती अडीच इंचाची चिंधी भिंतीकडेला लावली तर दिसायला वाईट आणि चिकटायलाही कच्ची. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ दोन्ही सव्वाचार इंचाच्या कापल्या, मधे १८ अख्ख्या. कागदावर दहा मिनिटं बसून हे केलं की खोली दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

आता खरं काम, ते म्हणजे खालची जमीन. आमच्या मोझेकवर वर्षानुवर्षं पॉलिश आणि मेण बसलेलं होतं, मेणावर गोंद धरत नाही. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकून घासलं, मग साध्या पाण्याने दोनदा पुसलं, पूर्ण वाळवलं, आणि मग काचपेपर मारून चकाकी घालवली. जिथे फरशांचे सांधे खोल होते तिथे टाइल ग्राउट भरून पत्र्याने सपाट केलं, कारण २ मिमीच्या पट्टीतून खालचा प्रत्येक खड्डा काही महिन्यांनी वर दिसायला लागतो. सांध्यात भिंतीची पुट्टी भरू नका, ती मऊ असते, पायाखाली भुगा होतो. शेवटी झाडू नाही, व्हॅक्यूम. झाडूने धूळ उडते आणि परत खालीच बसते.

बॉक्स आणून दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवले, म्हणजे पट्ट्या खोलीच्या तापमानाला येतात. मग खोलीच्या मधोमध सुताराची रंगाची दोरी मारून सरळ रेघ काढली. भिंतीच्या कडेवर विश्वास ठेवायचा नाही, आमची एक भिंत १२ फुटांत जवळजवळ पाऊण इंच तिरकी निघाली, भिंतीला धरून सुरुवात केली असती तर पलीकडे पोचेपर्यंत सगळ्या रेघा तिरप्या. पहिल्या ३ ओळी कागद न सोलता नुसत्या मांडून बघितल्या, दारातून कसं दिसतंय ते पाहिलं आणि मगच सोलायला घेतलं.

कापायला कटर आणि लोखंडी पट्टी पुरते. वरून २-३ दा ओढायचं आणि दुमडलं की कट्‌कन तुटते. दाराच्या चौकटीशी जो आडवातिडवा आकार येतो तो आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या कार्डावर कापून घ्यायचा, मग पट्टीवर ठेवून आखायचा. चिकटवल्यावर प्रत्येक पट्टीवर लाटणं फिरवलं, सगळा भार देऊन. हा गोंद दाबाने धरतो, नुसता हात फिरवून भागत नाही.

भिंत एकच केली, पलंगाच्या मागची. लाकडासारख्या दिसणाऱ्या हलक्या पीव्हीसी पट्ट्या, त्याही मागून चिकट. मुद्दाम आतली भिंत निवडली. बाहेरची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात सगळा मारा खाते, तिला मी हात लावला नाही. आमचं डिस्टेंपर तळहात फिरवला तर पांढरं येत होतं, म्हणजे पट्टी रंगाला चिकटली असती आणि रंग भिंतीला नाही. म्हणून सगळं डिस्टेंपर ओलं करून खरवडलं, प्रायमरचा हात दिला, पूर्ण वाळू दिला. खालून पहिली पट्टी लेव्हल लावून, मग वर वर. स्विचबोर्डाजवळ काम करताना मेन बंद करून बोर्डाची पुढची प्लेट काढली, पट्टी आत सरकवून परत प्लेट लावली, कडा झाकल्या गेल्या.

विचारा काय विचारायचं ते.


मनस्वी_ना

ताई किती छान लिहिलंय, ते सव्वाचारचं गणित तर मी वहीत लिहून घेतलं. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, आमच्याकडे नागपूरला हॉलमध्ये अशाच पट्ट्या गेल्या डिसेंबरात एका माणसाकडून लावून घेतल्या, तेव्हा एकदम टाईट बसल्या होत्या. मे महिन्यात गॅलरीच्या दारापाशी २ पट्ट्यांच्या कडा वर आल्या आणि आता थंडीत बघते तर त्याच जागी दोन पट्ट्यांमधे नख जाईल एवढी फट आहे. बाकी हॉल ठीक आहे. गोंद खराब होता का?


काटकोन

मनस्वी, गोंदाआधी उन्हाकडे बघा. व्हिनाइल तापलं की फुगतं आणि गार झालं की आकसतं. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं आणि काचेतून थेट ऊन पडणारी जमीन हवेपेक्षाही जास्त तापते. डिसेंबरच्या थंडीत एकमेकांना भिडवून बसवलेल्या पट्ट्यांना उन्हाळ्यात फुगायला जागाच राहिली नाही, म्हणून कडा वर उचलल्या. त्याच वेळी खालचा गोंद उष्णतेने मऊ होतो, पट्टी किंचित सरकते, आणि थंडीत आकसताना ती जुन्या जागी येत नाही. तीच तुमची फट.

उपाय सोपा आहे. त्या २-३ पट्ट्या हेअर ड्रायरने गरम करून, पत्र्याने अलगद उचलून काढा, खालचा जुना गोंद टर्पेन्टाईनच्या फडक्याने साफ करा (खिडक्या उघड्या, देवाचा दिवा आणि गॅस बंद), जमीन कोरडी करा आणि नवीन पट्ट्या लावा. हे काम फेब्रुवारीत करा, ना कडक थंडी ना कडक ऊन. आणि त्या काचेला जाड पडदा किंवा बाहेरून चटई. पडदा नसेल तर दरवर्षी हेच होईल.

कूलर त्याच दारात ठेवता का? कूलरचं पाणी ठिबकत असेल तर ते कडेतून आत जातं.


मनस्वी_ना

हो हो, कूलर तिथेच असतो!! आणि पाणी भरताना सांडतंच. हे कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद काका.


पिंपळपान

मी वाकडला भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट अडकलेलं. जमीन व्हिट्रिफाईड आहे पण पिवळट आणि फार थंड वाटते, आणि हॉलची एक भिंत लहान मुलाने पूर्ण रंगवून ठेवलीय. जाहिरातीत लिहितात सहज निघतं, डाग राहत नाही. खरंच निघतं का? घरमालक तसे चांगले आहेत पण कटकट नको.


रेवा_चिंचवड

जमिनीवरून पट्टी निघते पण गोंद सगळा सोबत येतोच असं नाही. व्हिट्रिफाईड गुळगुळीत असल्याने त्यावरचा उरलेला गोंद टर्पेन्टाईनने निघतो, मेहनत लागते, सांध्यांतून काढायला जुना टूथब्रश लागतो. मोझेक किंवा साधी सिमेंटची जमीन असेल तर गोंद आत मुरतो, तिथे भाड्याच्या घरात करूच नये.

भिंतीचं मात्र स्पष्ट सांगते, रंग निघणार. विटांसारखे दिसणारे, मागून चिकट असे फोमचे पत्रे, म्हणजे ७० बाय ७७ सेंटीमीटरचे मिळतात ते, काढताना रंगाचे पोपडे आणि कधी कधी खालची पुट्टीसुद्धा घेऊन येतात. त्यामुळे काढल्यावर ती भिंत रंगवून द्यायची तयारी ठेवूनच लावा, आणि तो खर्च आधीच धरा. मुलाने रंगवलेली भिंत तशीही जाताना रंगवून द्यावीच लागणार असेल तर मग तिथे लावायला हरकत नाही.


काटकोन

पिंपळपान, भाड्याच्या घराला जमिनीसाठी दुसरा पर्याय बघा. एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या) क्लिक पट्ट्या मिळतात, ४-५ मिमी जाड, एकमेकींत अडकतात, खाली गोंद लागतच नाही, सगळी जमीन नुसती ठेवलेली असते. भिंतीच्या कडेने थोडी जागा मोकळी सोडायची. घर सोडताना उचला आणि पुढच्या घरी न्या. महाग पडतं पण ते तुमच्या मालकीचं राहतं. फक्त ४-५ मिमी आणि खालचा फोम धरून दार घासतंय का ते आधी बघा, भाड्याच्या घरात दार कापता येणार नाही.

आणि काहीही करण्याआधी घरमालकांना एक मेसेज करून होकार लेखी घ्या, खोलीचे फोटो काढून त्याच मेसेजमध्ये टाका. तोंडी होकार अकरा महिन्यांनी कुणालाच नीट आठवत नाही.


पिंपळपान

एसपीसीचं डोक्यातच नव्हतं. बायको म्हणतेय निदान बेडरूमला तेच करू. मालकांना मेसेज टाकलाय.


सई_सोलापूर

मला देवघराची मागची भिंत करायची आहे, पांढऱ्या फोमच्या विटा फार सुंदर दिसतात, एकीकडे पाहिल्या तेव्हापासून मनात बसल्यात. ओट्याच्या मागेही लावता येतील का, तेलाचे डाग पुसले जातात असं म्हणतात.


रेवा_चिंचवड

सई नको गं, दोन्हीकडे नको, अगदी मनापासून सांगते. तो फोम म्हणजे प्लास्टिक आहे. समईची ज्योत वाऱ्याने एकदा मागे झुकली तरी वितळतो, आणि पेटला तर काळा विषारी धूर. आपल्याकडे निरांजन, उदबत्ती, धूप, गणपतीत दिवसरात्र समई. आणि गॅसच्या मागे तर शेगडीच्या उष्णतेनेच फुगून सुटतो, कढई पेटली तर विचार कर.

देवघरामागे एखादी ग्रॅनाइटची किंवा सिरॅमिकची मोठी टाइल लाव, फोडाफोडी न करता टाइलच्या अ‍ॅडेसिव्हने बसते, २ बाय ४ फुटांची एकच टाइल देवघर झाकून टाकते. ओट्यामागेही टाइलच.


सई_सोलापूर

बरं झालं विचारलं. आई रोज संध्याकाळी समई लावून अंगणात जाऊन बसते, म्हणजे दिवा तासभर एकटाच असतो. टाइलच करते.


नाचणी

नमस्कार. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जांभ्याच्या भिंती, आजोबांच्या वेळचं, माजघराची जमीन मागे कधीतरी सिमेंट कोब्याची केली. मुलं मुंबईहून मे महिन्यात आणि गणपतीला येतात, त्यांच्यासाठी एक खोली नीट करावी असं फार वाटतं. भिंतीला खालून कमरेपर्यंत पावसाळ्यात ओल येते, रंगाचे पोपडे पडतात आणि पांढरी पूड सुटते. दुकानदार म्हणाला पीव्हीसी पट्ट्या लावून टाका, ओल दिसणारच नाही आणि जमिनीवर व्हिनाइल टाका, खोली फ्लॅटसारखी होईल. खोली आतून सुंदर व्हावी एवढंच आहे, काय करू?


काटकोन

नाचणीताई, तुमच्यासाठी जरा लांब लिहितो, कारण या धाग्यात सगळ्यात नाजूक प्रश्न तुमचा आहे. मी आयुष्यभर बांधकामात काम केलंय आणि ओल झाकल्यामुळे खराब झालेल्या भिंती फार बघितल्यात.

ती पांढरी पूड म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, सोबत क्षार घेऊन येतं, भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी वाळतं आणि क्षार तिथे राहतात. जांभा हा सच्छिद्र दगड, आणि जुन्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसतो, त्यामुळे पाण्याला वर यायला मोकळी वाट आहे. आजवर ही भिंत टिकली कारण पावसाळ्यात जेवढी भिजली तेवढी ती पुढच्या आठ महिन्यांत वाळली. तिला श्वास घ्यायला मिळत होता.

आता त्यावर प्लास्टिकचा थर लावला तर पाणी यायचं थांबत नाही, फक्त वाळायचं थांबतं. मग ते आणखी वर चढतं. आज कमरेपर्यंत असेल तर उद्या खांद्यापर्यंत, आणि पट्ट्यांच्या मागे अंधारात बुरशी. वास यायला लागेल, लहान मुलांना आणि दम्याच्या माणसाला तो वास फार त्रासाचा. पट्ट्यांचं तर जे व्हायचं ते होईलच, गणपतीला मुलं येतील तेव्हा त्या लोंबकळत असतील, पण मला काळजी भिंतीची आहे.

जमिनीचंही तेच. खालून येणारी वाफ सिमेंटमधले क्षार घेऊन वर येते, गोंद मऊ पडतो, पट्ट्यांच्या सांध्यांतून चिकट रस बाहेर येतो आणि पायाला लागतो. तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक दिवस तसंच ठेवा. काढताना प्लास्टिकच्या आत दव दिसलं किंवा खालची जमीन गडद झाली तर त्या जमिनीवर गोंदाचं काहीही टिकणार नाही. ही चाचणी उन्हाळ्यात कोरडी आली म्हणून फसू नका, कोकणात ती जुलैमध्येच करायची. आणि तळमजल्यावर राहणाऱ्या पुण्यामुंबईच्या लोकांनी पण हीच चाचणी करा.

तुमच्या खोलीला काय करायचं? आधी बाहेरून बघा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतंय का, पन्हळ आहे का, अंगणाची माती जोत्याला टेकून वर चढलीय का. घराभोवती पाणी लांब जाईल असा उतार काढला आणि पन्हळ लावली तर पुष्कळ ठिकाणी ओल निम्म्यावर येते. मग आतून तो तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग असेल तर सगळा खरवडून काढा, कोरड्या ब्रशने लोणा झाडा (पाण्याने धुऊ नका, तो परत भिंतीत मुरतो), सुटलेला गिलावा चुन्याच्या गिलाव्याने भरा आणि चुनाच द्या.


अटलांटाकर

काटकोनकाकांच्या पोस्टला माझा पूर्ण पाठिंबा, इथे अमेरिकेत तळघरांच्या जमिनीचा अगदी हाच प्रॉब्लेम असतो, मातीला टेकलेलं काँक्रीट. इथली परिस्थिती थोडी लिहितो, इकडे राहणारे बरेच मराठी लोक घर घेतल्या घेतल्या हेच काम हातात घेतात, कारण इथे सुतार बोलवायचा म्हणजे खिसा रिकामा.

आमच्याकडे खऱ्या लाकडाच्या पातळ पट्ट्या मिळतात, मागे चिकट पट्टे असतात, आम्ही मुलीच्या खोलीची एक भिंत त्याने केली. इथल्या भिंती म्हणजे ड्रायवॉल, जिप्समच्या दोन्ही बाजूंनी कागद. पट्टी नंतर ओढून काढली की तो कागदच फाटून येतो, म्हणजे पिंपळपान यांना रेवाताईंनी जे सांगितलं ते इथेही लागू. आणि आजकालचे डाग न धरणारे, धुता येणारे रंग असतात ना, ते गोंदही धरत नाहीत, त्याला आधी काचपेपर आणि प्रायमर हवाच. रंग ताजा असेल तर निदान तीन-चार आठवडे थांबा.

एक गोष्ट इथल्या लोकांसाठी फार कळकळीने सांगतो. घर १९८० च्या आधीचं असेल आणि जुन्या जमिनीवर ९ इंच बाय ९ इंचाच्या टाइल्स सापडल्या तर त्यांना काचपेपर लावू नका, फोडू नका, खरवडू नका. त्या काळच्या त्या टाइल्समध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता बरीच असते, धूळ फुप्फुसात गेली की कायमची. आधी लॅबमधून तपासून घ्या. अखंड असतील तर त्या न हलवता झाकणं सुरक्षित धरतात.

प्लायवूडची जमीन असेल तर दोन पत्र्यांचा सांधा आणि स्क्रूची डोकी भरून घ्या, नाहीतर वर रेघ उमटते. लाटण्याची आयडिया आवडली, मी इथे १०० पाउंड वजनाचा रोलर एका दिवसासाठी भाड्याने आणला होता, मोठ्या हॉलला बरा पडतो.


कुंदा_आजी

रेवा, सासूबाईंची खोली म्हणून विचारते, पाय घसरत नाही ना गं? आणि रोज फिनाईल टाकून पुसलेलं चालतं का, आणि लोखंडी कपाट ठेवलंय का त्यावर?


रेवा_चिंचवड

आजी घसरत नाही, मी मुद्दाम खरखरीत पोताचं निवडलं, चकचकीत दिसणारं घेऊच नये वयस्कर माणसांसाठी. मोझेकपेक्षा पायाला उबदार लागतं, सासूबाई थंडीत पण अनवाणी फिरतात आता.

पुसायचं फडकं चांगलं पिळून, पाणी तुंबू द्यायचं नाही, फिनाईल थोडं चालतं पण मी साधं सौम्य लिक्विडच टाकते. रबराच्या पाठीचं पायपुसणं मात्र ठेवू नका, रबरातलं द्रव्य व्हिनाइलमध्ये उतरतं आणि पिवळा डाग पडतो तो कशानेच निघत नाही. सुती पायपुसणं ठेवायचं. पलंगाच्या पायांना नमद्याच्या चकत्या चिकटवल्या.

लोखंडी कपाट आहेच, त्यांच्या लग्नातलं, ते कुठे जाणार. त्याच्या चार पायांखाली प्लायवूडची एक लांब फळी घातली, नाहीतर वजनाने खड्डे पडतात. आणि सरकवायचं नाही, चार माणसांनी उचलूनच ठेवायचं. पट्ट्या लावल्यावर २-३ दिवस जड सामान आत आणलं नाही आणि ओलं फडकंही नाही, गोंदाला तेवढा वेळ लागतो. सुरुवातीला प्लास्टिकचा वास येतो तेव्हा खिडक्या उघड्या ठेवल्या आणि तो गेल्यावरच सासूबाईंना खोलीत झोपवलं.


तुषार_ठाणे

दरवाज्यात जिथे आपली व्हिनाइल संपते आणि बाहेरची फरशी सुरू होते तिथली कड कशी लपवली? आमच्याकडे तिथूनच उचकटायला लागलंय. आणि भिंतीच्या पट्ट्यांची उघडी कड?


रेवा_चिंचवड

दारात अ‍ॅल्युमिनियमची चपटी पट्टी, दोन्हीकडे उतरती, प्लायवूडच्या दुकानात मिळते. मोझेकमध्ये ड्रिल न करता सिलिकॉनने बसवली. दार बंद केल्यावर बरोबर दाराच्या फळीखाली यायला हवी. ती कड उघडी राहिली की येता जाता चप्पल, झाडू, पोछा सगळं तिथेच लागतं. तुमची उचकटलेली कड आधी हेअर ड्रायरने गरम करून खालचा कचरा काढा, मग लाटणं, मग पट्टी. कचरा अडकलेला असताना नुसतं दाबून काही होत नाही.

भिंतीच्या कडेला त्याच रंगाची एल-पट्टी लावली. आणि वर छताशी एक बारीक फट राहिली होती ती रंगाच्या दुकानातल्या पांढऱ्या सीलंटने भरली. खालची मोझेकची स्कर्टिंग तशीच ठेवली, पहिली पट्टी तिच्यावर टेकली, मला ते जुनं ठिपक्यांचं स्कर्टिंग आवडतं.


नाचणी

काटकोनकाका, तुमचं सगळं दोनदा वाचलं, घरच्यांनाही वाचून दाखवलं. आमच्याकडे मागच्या बाजूला पन्हळ नाहीच, आणि बागेची माती जोत्याच्या वर आलीय हे बाहेर जाऊन बघितलं तेव्हा लक्षात आलं, झाडांना भर घालता घालता चढली. त्याच भिंतीला ओल जास्त आहे. माती या आठवड्यात काढायला घेतोय. पट्ट्या घेत नाही. पण जमिनीला काय करू, कोबा काळा पडलाय आणि मुलांना खाली बसायला आवडतं. आणि चुना आता कोण देतो, आमच्या इथे सगळे डब्याचाच रंग सांगतात.


काटकोन

फार छान, माती काढलीत तर अर्धं काम झालं. माती जोत्याच्या पातळीपेक्षा वीतभर तरी खाली न्या आणि उतार घरापासून लांब ठेवा.

जमिनीसाठी चिकटवायचं काही नको. कोबा घासून स्वच्छ करा, तडे भरा, आणि वर मोठी चटई किंवा सतरंजी, जी पावसात उचलून वाळवता येईल. पुढे कधी पैसे काढता आले तर खालचा थर नीट करून, मधे जाड प्लास्टिकचा कागद घालून नवा कोबा, त्यावर टाइल्स. ते मोठं काम आहे, एखादा चांगला गवंडी बघून उन्हाळ्यात करा.

चुना घरी देता येतो. कळीचा चुना मिळाला तर भिजवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून पिंपात नाही तर रुंद लोखंडी भांड्यात, आधी पाणी आणि मग त्यात थोडा थोडा चुना, उलटं करायचं नाही. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, मुलं लांब. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तडक डॉक्टर. हा त्रास नको असेल तर भिजवलेला तयार चुना पोत्यात मिळतो तो घ्या. गाळून दुधासारखा पातळ करा, त्यात थोडा भिजवलेला डिंक घाला म्हणजे हाताला लागत नाही. भिंत आधी पाण्याने शिंपडून ओलसर करायची आणि पातळ पातळ ३ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. एक जाड हात दिला तर सोलून पडतो. पहिला हात पारदर्शक दिसेल, घाबरू नका, वाळताना पांढरा होतो. रंग हवा असेल तर चुन्यात चालणारी पिवळी माती किंवा गेरू शेवटच्या हातात घाला, सगळ्या भिंतीला पुरेल एवढं एकदम कालवा, नंतर तीच छटा परत जमत नाही.

हे सगळं दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर. मे महिन्यात मुलं येतील तोवर होऊन जाईल.


नाचणी

गेरूचाच रंग करणार, आजी तोच लावायची ओटीला. पन्हळ पत्र्याची घ्यावी की पीव्हीसीची?


काटकोन

पीव्हीसी घ्या, समुद्र फार लांब नाही तुमच्यापासून, पत्रा गंजतो. ६ इंचाची अर्धगोल, दर दोन-अडीच फुटांवर आधार, आणि खाली उतरणारा पाईप जोत्यापासून लांब नेऊन सोडा, नाहीतर पाणी परत तिथेच.


तुषार_ठाणे

रेवाताई, कड गरम करून उचलली तर खाली वाळू निघाली. साफ करून लाटलं, पट्टी उद्या आणतो. ८६ पैकी उरल्या का तुमच्या पट्ट्या?


रेवा_चिंचवड

२० ओळींना ८० लागल्या, २ चौकटीच्या कापणीत गेल्या, ४ ठेवल्यात. पलंगाखाली आडव्या, उभ्या ठेवल्या तर वाकतात. बॉक्सवरचा लॉट नंबर पण फाडून सोबत ठेवलाय, पुढच्या लॉटमध्ये रंगाची छटा बदलते.